बैठकीतल्या दोन खुंट्या

रुद्राणीनं माहेरून निरोप धाडला तो एवढाच, की सोमवारी येऊन खोली बघीन आणि मग राहायचं का ते ठरवीन. नवऱ्याला बघीन असं ती म्हणाली नव्हती. मेव्हण्यानं हा निरोप शिवशरणला एस.टी. स्टँडावर उभ्या उभ्या सांगितला आणि चहासुद्धा न घेता तो मंगळवेढ्याच्या गाडीत चढला.

शिवशरण गिरणीत कापसाच्या गाठी तोलायचा. बाळीवेशीत त्याच्या दोन खोल्या, पुढची बैठकीची आणि मागची चुलीची. बैठकीला बैठक म्हणायचं ते नुसतं नावाला. निळीच्या चुन्याला धूर लागून भिंती राखेच्या रंगाच्या झालेल्या, सुंभाची बाज मधोमध पोटासारखी लोंबलेली, आणि दुष्काळाच्या आधीच्या वर्षाचं कॅलेंडर. कुणी ते उतरवलंच नव्हतं. उतरवणार कोण? दोन वर्षं त्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

खरी अडचण मात्र समोरच्या भिंतीची होती.

लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून भिंतीशी मांडी घालून बसवतात. मान पडू नये म्हणून शिवशरणच्या घरात डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या ठोकायचे, कपाळावरून पंचा घ्यायचे आणि त्याची टोकं खुंट्यांना बांधायचे. मयत उठली की मुलानं त्या खुंट्या आपल्या हातानं उपटायच्या आणि मातीत सोबत द्यायच्या, अशी घरची रीत. शिवशरणची आई काशम्मा गेली तेव्हा भाऊबंदांना जेवणाची घाई झाली होती. मेलेल्याच्या घरी पोटभर जेवतात आणि नंतर जिवंताला कुणी विचारत नाहीत, असली ती माणसं. त्या गडबडीत खुंट्या भिंतीतच राहिल्या.

मग त्यानं एका खुंटीला डब्याची पिशवी अडकवायला सुरुवात केली. दोन खुंट्यांच्या मध्ये, भिंतीवर, भाकरीएवढा तेलकट डाग होता. काशम्मा आयुष्यभर तिथंच टेकून बसायची. खोबरेल तेलात कापूर टाकून ते डोक्याला चोपडायची तिला सवय होती. गिरणीतून आला की शिवशरण पिशवी अडकवायचा आणि डागाकडं बघून म्हणायचा, "आलो, अव्वा."

रुद्राणीनं हे तीन वर्षं ऐकलं. "ह्या खोलीत मी पाहुणी हाय," म्हणाली आणि गेली.

रविवारी, म्हणजे ती यायच्या आठ दिवस आधी, दोघं दोस्त आले. इलाहीबक्ष विजापूर वेशीतला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्यानं पाट्यांचे उरलेले डबे एकात एक ओतून पिस्त्यासारखा हिरवा रंग करून आणला. गुरप्पा चादरीच्या कारखान्यात. त्यानं विणताना बिघडलेली, मालकानं बाजूला टाकलेली चादर आणली. तिच्यावरच्या मोराला मानच आली नव्हती.

"मान न्हाय तर न्हाय," गुरप्पा म्हणाला. "वहिनी मोर बघायला येणार हाय का तुला?"

"दोन्ही सारखंच की," इलाहीबक्ष म्हणाला. "ह्याला पण मान कुटं हाय? सासुरवाडीनं खाली घाल म्हटलं की घातली."

शिवशरण हसला नाही. एका माणसाला नवरा व्हायला रंगवलेली खोली आणि सोफा लागतो, ही गोष्ट त्याला सलत होती. पण रुद्राणी यायला पाहिजे होती. रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की सगळी बाळीवेस आपापल्या दारात कुणाला तरी हाक मारायची. त्याच्या दारात नुसता भोंगा यायचा.

त्यांनी गिरणीतली बॉबिनची मोडकी खोकी जोडून त्यांचा सोफा केला. आत सुताचा कचरा दाबून भरला आणि वर किंतान ठोकलं. गुरप्पानं पक्कड लावून खुंट्या उपटल्या.

"ह्यांचं काय करू?"

"चुलीत घाल. चहा ठेवायचाय."

इलाहीबक्षचा हात डब्यातच राहिला. "शिवाण्णा, ह्या तुज्या अम्मांच्या न्हवं का?"

"लाकूड हाय ते," शिवशरण म्हणाला.

गुरप्पानं त्याच्याकडं एकदा बघितलं. शेवटी शिवशरणनं स्वतःच खुंट्या घेतल्या आणि चुलीत सारल्या. चहा धुरकट झाला. कुणी दुसरा कप मागितला नाही.

भोकं बुजवली, डाग धुण्याच्या सोड्यानं घासला, भिंत हिरवीगार केली आणि तिच्याशीच सोफा लावला. खोली अशी दिसायला लागली, जशी दुसऱ्या कुणाची तरी असावी. दोस्त गेले. संध्याकाळी दुकानातून आल्यावर शिवशरणचा हात सवयीनं भिंतीकडं गेला आणि पिशवी खाली पडली. कांदे सोफ्याखाली घरंगळले. त्यानं डोळे वर केले नाहीत. "आलो" एवढंही म्हणाला नाही.

दोन दिवसांनी तो इलाहीबक्षला बोलावून घेऊन आला. हिरव्या रंगावर, सोफ्याच्या पाठीच्या वर, भाकरीएवढा डाग होता.

"तेल हाय ते. वर येतंच," इलाहीबक्ष म्हणाला. "ह्यात घाबरायचं काय?"

"जुना डाग हितं न्हवता."

दोघांनी सोफा ओढला. जुना डाग जिथं होता, खाली, जमिनीवर बसलं की डोकं टेकतं तिथं, भिंत कोरी होती. रंगाला साधी सुरकुती नव्हती. इलाहीबक्षनं सोफा परत लावला, त्यावर बसला, आपलं डोकं भिंतीपासून दूर ठेवून त्यानं हातानं मागची उंची अजमावली आणि लगेच उठला.

"तुज्याकडं रोजचं कोण येतं-बितं का, शिवाण्णा?"

"कोण येणार?"

इलाहीबक्षनं दोन हात रंग दिला. पैशाचं नाव काढलं नाही, पानही खाल्लं नाही आणि उजेड असतानाच गेला. शनिवारी डाग परत आला. बोट लावलं तर ओला होता. बोटाला कापराचा वास आला. शिवशरणनं वर खिळे ठोकून मान नसलेल्या मोराची चादर त्या भिंतीवर सोडली. ती सोफ्यापर्यंत आली. दिसायला बरी दिसली.

सोमवारी दुपारी रुद्राणी आली. भाऊ बाहेर रस्त्यावर थांबला. ती न्हाऊन आली होती, केस कोरडे, भुरभुरीत, नुसते गाठ मारलेले. दारात उभी राहून तिनं खोलीवर नजर फिरवली. कॅलेंडर नवीन. बाज गेलेली. खुंट्या नाहीत.

"तुमीच केलं हे सगळं?"

"तिघांनी."

"मोराची मान कुटं हाय?"

"कारखान्यात राहिली."

ती हसली. दोन वर्षांत शिवशरणनं ते हसणं ऐकलं नव्हतं. तो चहा ठेवायला आत गेला. ती सोफ्यावर बसली आणि मागं टेकली.

"बरं वाटतंय हो हितं बसायला," ती बैठकीतून म्हणाली. "थंडगार."

तो कप घेऊन आला तेव्हा ती सरळ बसली होती. एक हात डोक्यामागं होता. तिनं तो पुढं आणला आणि उघडून बघितला. बोटं चकाकत होती.

"मी तेल लावलं न्हाय आज," ती म्हणाली.

शिवशरणनं दोन्ही कप खाली ठेवले.

तिनं हात नाकाशी नेला. तिचा चेहरा घाबरलेल्या लहान पोरीसारखा झाला. मग पदरानं केस पुसत ती उठली, दारात ठेवलेली आपली पिशवी उचलली. ती रागावली असती तर त्याला चाललं असतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हितं जागा रिकामी न्हाय. तुमाला कळत कसं न्हाय?"

"रुद्राणी, थांब की. मी दुसरी खोली बघतो. साखर पेठेत..."

"तितं पन तुमीच ऱ्हाणार न्हवं का?"

भावानं रिक्षा आधीच थांबवून ठेवली होती.

दोन्ही कप थंड झाले. भोंगा झाला. शेजारी कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, कुणीतरी ओ दिली.

शिवशरण त्या सोफ्यावर अजून एकदाही बसला नव्हता. आता बसला. सूत दबलं. त्याला राग यायला पाहिजे होता, रुद्राणीचा, म्हातारीचा, स्वतःचा. आला नाही. नुसता थकवा आला.

"आलो, अव्वा," तो म्हणाला आणि मागं टेकला.

अव्वाचा डाग त्याच्या खांद्याशी होता, त्याला ते चादरीतून ओलं लागलं. म्हातारी बुटकी होती.

दोन्ही कानांशी काहीतरी टणक होतं.

तो वळला आणि त्यानं चादर उचलली.

दोन खुंट्या. एका अंगानं जळून काळ्या पडलेल्या. त्याच्याच उंचीला ठोकलेल्या.

डाव्या खुंटीला धुतलेल्या पंच्याची गाठ मारून झाली होती. उजवं टोक मोकळं लोंबत होतं.