पालथी वाटी

पहिला चमचा तोंडात गेला आणि तीस पाहुण्यांचं गजबजलेलं दालन एकदम गप्प झालं.

मग कोणाला तरी ठसका लागला. कोणी पाण्याकडे झेपावलं. हृदयाचं दुखणं असलेल्या एका आजोबांच्या हातून त्यांच्या सुनेनं वाटी हिसकावूनच घेतली.

ते सूप नव्हतं, समुद्र होता.

खानावळीचे मालक ताडकन उभे राहिले. त्यांच्या खिशात एक चिठ्ठी होती. खानावळीची दुसरी शाखा उघडतेय आणि तिथलं सगळं स्वयंपाकघर आपल्या जुन्या आचाऱ्याच्या हाती देतोय, असं ते जेवण संपल्यावर जाहीर करणार होते. ती चिठ्ठी खिशातच राहिली.

"वीस वर्षं!" ते ओरडले. "वीस वर्षं तुमच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला, आणि आजच्या दिवशी नाक कापलंत! चाखलं नव्हतं का?"

आचारी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "चाखलं होतं," तो पुटपुटला.

ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. सूप वाढायच्या आधी रोजच्यासारखा त्यानं दालनाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी एक चमचा तोंडात घातला होता, डोळे मिटले होते आणि मान डोलावली होती.

"मग जीभ गेली तुमची! काढा तो एप्रन."

आचाऱ्यानं एप्रन सोडला, त्याची चार पदरी घडी घातली, ओट्यावर ठेवली आणि मागच्या दारानं तो निघून गेला. त्याच्यामागे कोणीही गेलं नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर वहिनी आणि भाऊजी बसले होते. वहिनींनी वीस वर्षं प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ तपासले होते. आता त्या खासगी तपासाची कामं घेत. दर गुरुवारी बाहेर खायचं आणि शुक्रवारी तोच पदार्थ घरी करून बघायचा, हा त्यांचा नेम. यजमान बोटीवर नोकरीला असल्यानं या मोहिमांना सोबत धाकट्या दिराची. भाऊजींची भूक दांडगी होती. बुद्धी मात्र सावकाश, गाडी घाट चढते तशी.

सगळे वाट्या दूर सारत असताना वहिनींनी सूपातला एक छोटा बटाटा बाहेर काढला, मधोमध कापला, कडा बाजूला केल्या आणि गाभा तेवढा तोंडात टाकला.

"वहिनी, भलतं धाडस नको!" भाऊजी कळवळले. "त्यापेक्षा ते मालकांचे मेहुणे बघा. शहाणा माणूस! वाटी काठोकाठ, चमचा अजून कापडी रुमालात गुंडाळलेला. निमूटपणे पाव खातायत."

वहिनींनी तिकडे पाहिलं. चांगलं दहा सेकंद पाहिलं.

"चला, भाऊजी," त्या म्हणाल्या.  "आज इथे अन्नाचा अपमान झाला, आणि माणसाचाही. मला दोन्ही सहन होत नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच आचाऱ्याची मुलगी दारात उभी राहिली. शाळेत शिकवायला जाण्याआधी आली होती. खांद्याला वह्यांची पिशवी होती.

"बाबा कालपासून पाण्याशिवाय कशाला शिवले नाहीत. चूक झाली असती तर मान्य करून मोकळे झाले असते. पण म्हणतात, मी मीठ बरोबर घातलं होतं. कोणी ऐकूनच घेत नाही हो!"

"मी ऐकतेय. बस. घरी स्वयंपाक कोण करतं?"

"सुटीच्या दिवशी बाबाच. चाखायला मला बोलावतात. म्हणतात, तुझी जीभ माझ्यापेक्षा तिखट, तूच सांग."

"हे पहिल्यापासून?"

"नाही. गेल्या वर्षी तापानं महिनाभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हापासून..." मुलगी थबकली. तिनं पिशवीचा पट्टा मुठीत घट्ट धरला. "वर्गाला उशीर होईल मला."

ती गेल्यावर वहिनींनी शेगडीवर दोन पातेली चढवली. दोन्हींत तेवढंच पाणी, तेवढाच कांदा, तेवढेच सोललेले छोटे बटाटे. पहिल्यात त्यांनी सुरुवातीलाच मुठीनं मीठ घातलं. दुसऱ्यात आधी बेताचं घातलं, दीड तास मंद आचेवर शिजू दिलं आणि उतरवायच्या दहा मिनिटं आधी पहिल्याच्या बरोबरीचं होईल इतकं वरून टाकलं.

"हं, भाऊजी. खा."

"आमच्या दादांनी मला तुमच्याकडे सोपवलं ते असं मारायला?" भाऊजींनी दोन्हींचा एकेक घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. "दोन्ही सारखीच! विष नुसतं!"

"आता दोन्हींतले बटाटे कापा. गाभाच फक्त."

भाऊजींनी पहिला खाल्ला आणि तोंड वेंगाडलं. दुसरा खाल्ला, थांबले, आणखी एक खाल्ला.

"अरेच्चा! याचा गाभा तर झकास आहे. अगदी कालच्या... नाही, काल कुठे आपण नीट जेवलो. म्हणजे काय, वहिनी?"

"म्हणजे उद्या खानावळीत जायचं."

*

खानावळ बंदच होती. मालक गल्ल्यामागे डोकं धरून बसले होते.

"तुमच्यासारख्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपुढे शोभा झाली, बाई. साडेबारापासून एकटा दारात उभा होतो. येईल त्याचं स्वागत करून जबडा दुखला. आणि शेवटी पदरात काय? शिव्या."

"नव्या शाखेला आता आचारी कोण?"

"आचारीच नको म्हणतात मेहुणे. सूपाची तयार पाकिटं आणायची, पाण्यात टाकायची. इतके दिवस मीच आडवा येत होतो. आता कोणत्या तोंडानं येऊ?"

"पाकिटं!" वहिनींनी तो शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा बाहेर काढला आणि त्या स्वयंपाकघरात शिरल्या.

धाकटा आचारी सुऱ्या पुसत होता. शेगडीजवळच्या फळीवर एक छोटा वजनकाटा होता. शेजारी एक पितळी वाटी पालथी घातलेली होती.

"हे काय?"

"काकांचं खूळ," तो म्हणाला. "पूर्वी चिमटीनं टाकायचे. वर्षभरापासून मीठ काट्यावर मोजतात. पाणी उकळलं की वाटीभर मीठ एकदाच टाकायचं आणि वाटी पालथी घालायची. वाटी पालथी असली की मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही, असा मलाही दम आहे."

"परवा वाटी पालथी होती?"

"सकाळी अकराला घातली. तशीच आहे बघा, कोणी हलवली नाही."

"काका गेले तर तुझं बरंच झालं की."

तो उसळला. "माझं कसलं बरं? काका नव्या शाखेत गेले असते तर इथला मुख्य आचारी मीच होणार होतो! आता पाकिटं फोडायला ठेवतील मला."

"साडेबाराला कुठे होतास?"

"मागच्या अंगणात. वाढणं सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघं, काका, मी आणि वाढणाऱ्या बाई, दहा मिनिटं चहाला बसतो. रोजचंच आहे."

"आणि पातेलं?"

"त्याला काय पाय फुटणार होते?" भाऊजी मध्येच म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते सुऱ्या मोजू लागले.

वाढणाऱ्या बाई अंगणात टेबलावरची कापडं वाळत घालत होत्या. त्यांनीही चहाचं तेच सांगितलं. तिघंही बरोबरच उठले होते.

"पण बाई, काकांची तब्येत ठीक नसावी हो," त्या हळूच म्हणाल्या. "पंधरा दिवसांमागची गोष्ट. कप विसळताना त्यांच्या कपातला उरलेला चहा बोटाला लागला, सहज चाटला, तर खारट! आमचे दोघांचे चहा गोड होते. म्हटलं, घसा धरला असेल, मिठाचं घेत असतील."

"त्या दिवशी चहा कोणी आणला होता?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला होता! मेहुणेसाहेबांनी स्वतः ट्रे आणला. एरवी स्वतःचा कपही उचलत नाहीत."

मेहुणेसाहेब वरच्या खोलीत नव्या शाखेचा नकाशा पसरून बसले होते.

"वाईट वाटतं म्हाताऱ्याबद्दल," ते म्हणाले. "पण काय करता? पहिल्याच चमच्याला माझं तोंड वाकडं झालं. पाकिटाचं बरं असतं. त्याला वय होत नाही की ताप येत नाही."

"साडेबाराला तुम्ही कुठे होतात?"

"दारात. दाजींबरोबर, पाहुण्यांच्या स्वागताला."

"धन्यवाद," वहिनी म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी दोनदा कठडा सोडला आणि दोनदा मूठ आवळली.

*

दुपारी आचारी मुलीबरोबर आला. वहिनी आधी त्याच्याशी एकट्याच बोलल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सांगा. खोटी मान डोलावून मीही थकलोय."

सगळे स्वयंपाकघरात जमले. वहिनींनी कालच कापून ठेवलेल्या बटाट्यांच्या गाभ्यांचे दोन डबे ओट्यावर ठेवले.

"मालक, परवा तुम्ही एका चमच्यावर वीस वर्षांचा निकाल लावलात. एक बटाटा कापला असतात तर ही वेळ आली नसती. हे घ्या, दोन्हींचे गाभे खा."

मालकांनी खाल्ले. "एक खारट, एक नेमका."

"मीठ बटाट्यात हळूहळू शिरतं. गाभ्यापर्यंत पोचायला त्याला तास-दीड तास लागतो. सुरुवातीलाच जास्त पडलं असतं तर परवाचे गाभे खारट लागले असते. मी खाल्ला तो नेमका होता. म्हणजे सकाळी मीठ बरोबरच पडलं. जास्तीचं पडलं ते शेवटच्या काही मिनिटांत."

"यांनीच विसरून पुन्हा टाकलं असेल," मेहुणे म्हणाले.

"वाटी पालथी होती. त्यांचं मीठ त्या वाटीशिवाय पडत नाही. दुसऱ्या कोणीतरी ते टाकलं. पण आता खरी मेख. वाढायच्या आधी आचारी सगळ्यांदेखत चाखतात. सूप नासवणाऱ्याला ही भीती का वाटली नाही? कारण त्याला ठाऊक होतं, चाखूनही त्यांना कळणार नाही."

 मुलीनं वडिलांचा हात धरला.

"त्या तापात माझी चव गेली," आचारी स्वतःच म्हणाला. "ती परत आलीच नाही. म्हणून काटा आणला. सांगायची हिंमत झाली नाही."

"ही गोष्ट मुलीशिवाय कोणाला माहीत नव्हती," वहिनी पुढे म्हणाल्या. "तापानंतर आलेला काटा पाहून एकाला संशय आला. त्यानं खात्री करून घेतली. फक्त यांच्या कपात मीठ घालून चहा आणला, आणि यांनी तो मुकाट्यानं पिताना पाहिला. ट्रे कोणी आणला होता, बाई?"

वाढणाऱ्या बाईंचा पदर तोंडाशी गेला. सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर गेल्या.

"चहावरून कोणी गुन्हेगार ठरतो का?" मेहुणे हसले.

"नाही. पण परवा पातेलं एकटं होतं तेव्हा हे तिघं अंगणात एकमेकांसमोर होते. मालक दारात होते आणि, त्यांच्याच तोंडचा शब्द, एकटे होते. तुम्ही म्हणता, मी त्यांच्याबरोबर होतो. तुम्ही म्हणता, पहिल्याच चमच्याला तोंड वाकडं झालं. भाऊजी, यांचा चमचा कुठे होता?"

"रुमालात!" भाऊजींचा आवाज चिरकला. "घडीसुद्धा मोडली नव्हती. मीच तर तुम्हाला... अहो वहिनी, मीच दाखवला की!"

"तुम्हीच. तीस जणांत ज्यानं सूपाला तोंड लावलं नाही असा एकच माणूस, कारण त्यात काय आहे हे त्याला आधीच ठाऊक होतं."

मेहुण्यांचा चेहरा उतरला. पण आवाज चढला. "मग? मी खोटं काय उघड केलं? दाजी, या माणसाला चव कळत नाही! अशाच्या हाती शाखा देणार होता तुम्ही!"

आता मात्र वहिनींचा तोल सुटला.

"उघड करायचं होतं तर तोंडानं बोलायचं होतं! मुठीनं नाही! हृदयाचं दुखणं असलेल्या म्हाताऱ्याच्या वाटीत ते मीठ गेलं. सुनेचं लक्ष नसतं तर? आणि कशासाठी? पाकिटांसाठी! वर्षभर हा माणूस जिभेशिवाय, नुसत्या वजनावर, वेळेवर आणि आठवणीवर शिजवत होता, आणि तुम्ही सगळे बोटं चाटत होता. एका तरी गिऱ्हाइकानं तक्रार केली, मालक?"

"एकानंही नाही," मालक म्हणाले.  ते मेहुण्यांकडे वळले. "नकाशा गुंडाळा. तुमच्या ताईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि पुन्हा या घरात जेवायला यायचं असेल तर आधी यांची माफी मागा."

मेहुणे माफी न मागताच जिना चढून गेले.

मालकांनी ओट्यावरचा एप्रन उचलला. चार पदरी घडी तशीच होती. दोन्ही हातांनी त्यांनी तो पुढे केला. "मी तीस माणसांसमोर बोललो. तीसही जणांना परत बोलावतो. चिठ्ठी अजून खिशातच आहे."

आचाऱ्यानं एप्रन लगेच घेतला नाही. "एका अटीवर. चव नाही हे लपवणार नाही. चाखायला दुसरं माणूस लागेल, आणि ते उघडपणे."

"कबूल."

पुढच्या गुरुवारी दालन भरलं. खिडकीपाशी आचाऱ्यानं पितळी वाटी पालथी घातली होती. त्यानं सूपाचा चमचा भरला. पण स्वतःच्या तोंडाशी नेला नाही. सगळ्यांदेखत तो वाढणाऱ्या बाईंपुढे धरला आणि श्वास रोखून उभा राहिला.

बाईंनी डोळे मिटले, चव घेतली, कपाळाला आठी घातली.

"थोडं कमी पडलं, काका."

आचाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "मीठ?"

"छे हो! एका चमच्यानं काय कळतंय? आणखी एक द्या."

कोपऱ्यातल्या टेबलावर भाऊजींनी रुमालाची घडी केव्हाच मोडली होती.