गाडी जेवली का?

"आई गेली, बाबा! गेली ती! आणि तुम्ही अजून तिच्या गाडीला जेवू घालताय?"

मुलीचा आवाज मागच्या खोलीत असा घुमला, की म्हाताऱ्याच्या हातातली चार्जरची वायर खालीच पडली. ती त्यांनी वाकून उचलली, पुसली, आणि बटण दाबलं. तांबडा दिवा लागला.

गाडीला 'जेवू घालणं' हा शब्द मुळात तिच्या आईचा. आईचे पाय हळूहळू साथ सोडत गेले आणि घरात बॅटरीवर चालणारी ही एका माणसाची गाडी आली, तेव्हापासून बाहेरून आलं की ती दारातूनच ओरडायची, "अहो, माझं राहू द्या, आधी हिला वाढा!" वेग कमीजास्त करायच्या बटणावर एका बाजूला ससा आणि दुसऱ्या बाजूला कासव काढलेलं होतं. ती ते कायम सशावर ठेवायची, आणि हे मागून धापा टाकत म्हणायचे, "अगं, नवऱ्याला मागे टाकून कुठे निघालीस?"

...आणि शेवटी टाकलंच की तिनं मागे!

ती गेल्यापासून त्यांना एका जागी बसवत नव्हतं. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून पुन्हा या खोलीत. आठवड्यातून एकदा ते रिकामी गाडी अंगणात फिरवत आणि परत आणून चार्जिंगला लावत. शेजारी कुंपणावरून बघत आणि मान हलवत. बघू देत, म्हणायचे ते.

"नुसती ठेवली तर बॅटरी मरते गं," ते हळूच म्हणाले. "शिशाची बॅटरी आहे. रिकामी राहिली की आतून खार धरते, मग कितीही चार्ज करा, भरत नाही."

"मरू दे ना! बसणारं माणूसच राहिलं नाही, बॅटरी जगवून काय करायचंय?"

त्यांची नजर मुलीच्या पावलांवर खिळली होती.

आईच्या तेराव्यानंतर... नव्हे, त्याच्याही आधी त्यांनी ते पाहिलं होतं. मुलगी पायऱ्या चढून आत आली, आणि तिची डाव्या पायातली चप्पल खालच्या पायरीवरच राहिली. तिला कळलंसुद्धा नाही! तशीच चालत ती स्वयंपाकघरापर्यंत गेली. बरोबर अशीच तिच्या आईची चप्पल राहिली होती, अगदी सुरुवातीला; तेव्हा नवरा-बायको दोघं त्यावर पोट धरून हसली होती. त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत. गुपचूप ती चप्पल उचलून दाराशी ठेवली, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सांगायचं कसं? 'पोरी, आईचं दुखणं तुझ्याकडे आलंय,' हे कुठल्या बापाच्या तोंडून निघेल? त्यापेक्षा तिनं आपल्याला वेडा म्हणावं, ते बरं!

"शनिवारी वृद्धाश्रमाची माणसं येतील," मुलगी म्हणाली. "गाडी त्यांना द्यायची. मी शब्द दिलाय."

"गाडी द्यायची नाही."

"का? आता एवढी माया आली? आई पुलावर भर उन्हात अडकली होती, तेव्हा कुठे होती ही माया? लोकांनी ढकलत आणली तिला! चार्जिंग लावायला विसरलात तुम्ही, बाबा... मी नाही विसरले ते!"

त्या दिवशी गाडीत बसवलेली बॅटरी मुलीनंच आणली होती, मोठ्या हौसेनं, आईला सरप्राइज म्हणून. पण ती चारचाकी मोटारीची होती. मोटार सुरू करायला एक जोराचा झटका देणं, एवढंच तिचं काम. दिवसभर माणूस ओढत न्यायचं बळ तिच्यात नसतं. ते कळल्यावर मुलीचा चेहरा कसा होईल, हे डोळ्यांसमोर आलं आणि ते म्हणून गेले होते, "मीच विसरलो लावायला." बायकोला खरं ठाऊक होतं. तिनं चादरीखालून त्यांचा हात नुसता दाबला होता.

मुलगी दार आपटून गेली. दुसऱ्या दिवशी ते बॅटरीवाल्याकडे गेले, कारण जुन्या बॅटऱ्या आता चार्जरला लावल्या की लगेच भरल्याचा हिरवा दिवा दाखवायच्या आणि अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन मान टाकायच्या.

"या काका!" बॅटरीवाला तोंडाचा मोकळा होता. "यावेळी तरी मोटारीची नाही ना आणलीत? बोला, बसणाऱ्याचं वजन किती? रोज कुठवर जायचं?"

बायकोचं वजन त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी दुसरंच सांगितलं. "आणि जायचं शाळेत."

"या वयात शाळेत? पहिलीत नाव घातलं की काय?"

"मुलगी शिकवते माझी. शाळा टेकाडावर आहे. चढ मोठा आहे रे..."

बॅटरीवाल्यानं हसू आवरलं. "मग छोटी चालणार नाही. चढ बॅटरी खातो. ही मोठी घ्या, जेलची. बंद असते, सांडायचं भय नाही, पाणी घालायची कटकट नाही. आणि जोडीच घ्या. एक नवी नि एक जुनी लावली, तर जुनी नवीला ओढून खाली नेते. दोघींनी एकाच दिवशी घरात यायचं आणि एकाच दिवशी बाहेर पडायचं."

"बॅटऱ्यांचं बरं आहे," म्हातारा म्हणाला, आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला.

शनिवारी मुलगी लवकरच आली. गाडी पुसायला म्हणून तिनं सीट उचलली आणि जागीच थबकली.

"बाबा! नव्या बॅटऱ्या? द्यायच्या गाडीला?" तिनं बॅटरीवरचा दुकानाचा नंबर बघून तिथल्या तिथे फोन लावला. फोन तिच्या बोटांतून निसटला, तो उचलून तिनं गाडीच्या पाय ठेवायच्या पाटावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. "हे बघा, आमच्या वडिलांनी तुमच्याकडून जोडी नेलीय, ती परत घ्याल का?"

"परत? का हो, शाळेच्या चढावर ओढत नाही का?" फोनमधून आवाज आला. "तुम्हीच का त्या शिकवणाऱ्या ताई? अहो, चढासाठी म्हणून तर मोठी दिली मी! तुमच्या वजनाचा हिशेब करून! आणि ताई, राग मानू नका, पण पुन्हा मोटारीची आणू नका हं. मागच्या वेळी ती बदलायला काका आले तेव्हा म्हणाले, मुलीला कळू देऊ नकोस, तिनं मायेनं आणलीय... अरेरे! बोलून गेलो की!"

मुलीनं फोन बंद केला. दारात वडील वायर हातात घेऊन उभे होते, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे.

"ती बॅटरी... माझी होती?" ती त्यांच्याकडे वळली. "आई माझ्यामुळे अडकली? आणि मी इतके दिवस तुम्हाला..."

"तू काही मुद्दाम केलंस का? जाऊ दे ते."

"आणि मला गाडी लागणार, हे कसं कळलं? डॉक्टर बोलले तुमच्याशी?"

"डॉक्टर कशाला? तुझी चप्पल बोलली. पायरीवर राहिली होती."

मग मात्र तिचा बांध फुटला. गाडीच्या हँडलवर डोकं ठेवून ती लहान मुलीसारखी रडली. "मला केव्हाचं माहीत आहे, बाबा! तुम्ही आत्ता कुठे आईला पोचवून आलात, तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? आणि ही गाडी... मी दर वेळी येते तेव्हा ही माझीच वाट बघत उभी असते! मला बघवत नाही ही!"

म्हणून द्यायची होती तर! दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचेही डोळे वाहत होते, पण आवाज त्यांनी साधाच ठेवला.

"चालता येतंय ना? मग चाल. जमेल तोवर चाल. ही थांबेल. फक्त हिला उपाशी ठेवायचं नाही."

बाहेर बेल वाजली. मुलीनं डोळे पुसले, आणि भिंतीला धरून स्वतः दारात गेली. "तुम्हाला उगाच फेरी पडली," ती त्या माणसांना म्हणाली. "गाडी घरातच लागणार आहे."

पुढे दिवस थंडीचे आले. एका सकाळी शाळेच्या वेळेला ती आली, दोन्ही चपला पायरीवर राहिलेल्या, हात भिंतीवर. दारातूनच ती ओरडली, अगदी आईच्या सुरात, "बाबा! गाडी जेवलीये का?"

"जेवलीये! पोटभर!"

हिरवा दिवा शांतपणे जळत होता. त्यांनी वायर काढून गुंडाळली, तिला गाडीवर बसवून चपला तिच्या पायांत घातल्या आणि मफलर बांधून बरोबर निघाले. चढ सुरू झाला तशी त्यांना धाप लागली. पण कुणाला मागून हाक मारायची वेळ आली नाही. मुलीनं त्यांच्याकडे न बघताच बटण सशाकडून कासवाकडे फिरवलं होतं.