सगळ्यांच्या मागून चालणारी

पहाटेच्या धुक्यात शिट्टी वाजली आणि रंगीबेरंगी टोप्यांचा लोंढा डोंगराच्या दिशेने निघाला. बघता बघता मैदान रिकामं झालं. उरली ती एकटी, हातात पिवळं निशाण घेऊन... आणि उरला एक उंच, किडकिडीत माणूस, खाली वाकून बुटाची नाडी बांधणारा.

ती थांबली. तो नाडी बांधत राहिला. नाडी बांधायला इतका वेळ लागू शकतो हे शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या तिला ठाऊक होतं, पण ते पहिलीतल्या पोरांच्या बाबतीत.

“तुम्ही व्हा ना पुढे,” तो मान वर न करताच म्हणाला.

“मला नाही होता येत.”

“का? पाय दुखतोय?”

“मी शेपूट आहे.”

आता मात्र त्याने वर पाहिलं. चष्म्याच्या काचांवर धुकं साचलेलं, त्यामुळे त्याला ती दिसली की नुसतंच निशाण, देव जाणे. त्याने खिशातून एक मऊ फडकं काढलं, काचा सावकाश पुसल्या, चष्मा नाकावर चढवला आणि पुन्हा पाहिलं. या वेळी जरा जास्तच वेळ.

“हां... आता दिसलात,” तो म्हणाला.

तिला उगाचच निशाणाची काठी या हातातून त्या हातात घ्यावीशी वाटली.

तीन डोंगर, एक दिवस, असा तो ट्रेक. मोठ्या रुग्णालयाशेजारी एक घर बांधायचं होतं. लांबून येणाऱ्या आजारी मुलांच्या आईबापांना तिथे राहता यावं, म्हणून. चालणारा प्रत्येक जण आपापल्या ओळखीपाळखीतून शब्द घेऊन यायचा: सूर्य मावळायच्या आत तिसरा डोंगर उतरलास, तर इतके देऊ. भोंगा वाजला की संपलं. आणि सगळ्यांच्या मागे, जो शेवटचा असेल त्याच्याही मागे, एक स्वयंसेवक चालायचा. कुणी वाटेत राहू नये, हे त्याचं काम. शेवटच्याला ओलांडायचं नाही आणि सोडायचंही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होण्याआधी ती अशा शर्यतींत पहिली यायची. आता तीन वर्षं ती शेपूट होती. सगळे तिला शेपूटताई म्हणत.

“शेपूटताई?” पहिल्या चढावर हे ऐकून तो हसला. “मी शेपूट म्हणेन हवं तर. ताई नाही म्हणणार.”

“का बरं?”

“एक बहीण आहे मला. सख्खी. तेवढी पुरते.”

“बरं मग, चष्मेवाले... पाय उचला!”

तो खरोखरच चष्मेवाला होता. चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायचा, काचा घासायचा, म्हाताऱ्यांच्या कानामागे काडी टोचत असेल तर ती वाकवून द्यायचा. त्याची भाची मागच्या साली रुग्णालयात होती. आता ठणठणीत होती, घर डोक्यावर घेत होती. पण ते सगळे दिवस त्याच्या बहिणीने जिन्याखालच्या बाकावर काढले होते. हे सांगताना त्याचा आवाज जरासा खाली आला.

“बाकावर झोपून झोपून तिची मान अजून दुखते. म्हणून म्हटलं, आपण चालू या. दुकानाच्या मालकांनी तर घराच्या एका अख्ख्या खोलीचा खर्च कबूल केलाय. पण पक्का माणूस तो! म्हणाले, भोंग्याच्या आधी पोहोचलास तरच. एक मिनिट उशीर, तर एक वीटसुद्धा नाही.”

“आणि तुम्ही असे रमतगमत चाललाय?”

“पोहोचू हो... अजून उन्हं तरी कुठे आलीत!”

खरंच, उन्हं आलीच नव्हती. धुकं विरलं तशी भुरभुर सुरू झाली, इतकी हलकी की पाऊस म्हणावा की नको. गवताच्या पात्यांवर पाणी लोंबकळत होतं. वाट वळली की तो थांबे. कधी दरी बघायला, कधी काचा पुसायला, कधी कुठल्याशा निळ्या फुलाचं नाव विचारायला.

“नाही माहीत मला,” ती म्हणे.

“मग ठेवू या एखादं.”

“चला!”

ती रागवायची, पण तिचे कान त्याच्या पुढच्या वाक्याकडे लागलेले असायचे. आजवर तिने कितीतरी पाठी पाहिल्या होत्या. घामेजलेल्या, वाकलेल्या, कण्हणाऱ्या. सारखी मागे वळून बघणारी पाठ ही पहिलीच. आणि आपल्याला हा माणूस आवडायला लागलाय, हे तिला दुसऱ्या डोंगराच्या अर्ध्या वाटेवरच कळून चुकलं होतं.

दुसऱ्या डोंगराचा शेवटचा चढ उभा, भिंतीसारखा. तो चढताना त्याने एक लांबलचक किस्सा लावला. एक गृहस्थ दुसऱ्याचाच चष्मा घालून महिनाभर हिंडले आणि बायको एकाएकी देखणी दिसायला लागली म्हणून खूष झाले. चष्मा बदलून दिला तर दुकानात येऊन भांडले! ती खळखळून हसली... आणि हसता हसता थबकली.

दिवसभर पोरांना मैदानावर पळवणारी बाई ती. कुणाला कुठे धाप लागते, हे तिला नुसती पाठ बघून कळायचं. इतक्या उभ्या चढावर हा माणूस अख्खा किस्सा सांगतो, गृहस्थांचा आवाज काढतो, बायकोचा आवाज काढतो... आणि दम लागत नाही?

“थांबा,” ती म्हणाली. “खरं सांगा. तुम्ही मुद्दाम मागे राहताय?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बोला ना!”

“...सकाळपासून,” तो हळूच म्हणाला. “नाडी बांधून झालीच होती. तुम्ही दिसलात, म्हणून पुन्हा सोडली.”

तिला आनंद झाला. इतका झाला की तिला स्वतःचाच राग आला, आणि तो सगळा तिने त्याच्यावर काढला.

“अक्कल गहाण टाकलीय का? बहिणीसाठी चालायला आलात ना? घड्याळ बघा! तिसरा डोंगर अख्खा बाकी आहे आणि सूर्य बघा कुठे आलाय!”

त्याने पाहिलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

मग मात्र दोघं झपाट्याने निघाली. तो पुढे, ती मागे, किस्से बंद. तिचा गुडघा ठणकत होता, पण तिने हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या काटेरी जाळ्यांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर, समोर एक जांभळी टोपी दिसली. निवृत्त पोस्टमास्तरीणबाई होत्या त्या. काठी टेकत, स्वतःशीच गुणगुणत चालल्या होत्या.

“या, या!” त्या कडेला सरकत म्हणाल्या. “मला काही घाई नाही बाबा. माझ्या लेकींनी पैसे आधीच भरलेत. मी आपली रात्र व्हायच्या आत उतरले म्हणजे झालं.”

वाट मोकळी झाली. पण तो हलेना. त्याच्या लक्षात आलं होतं, आणि तिच्याही. त्याने बाईंना मागे टाकलं की शेवटच्या बाई होणार, आणि शेपूट बाईंच्या मागे राहणार.

“जा,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही?”

“शेपटाला निवड नसते.”

“उतरल्यावर भेटाल ना? मी थांबेन.”

“सगळे असंच म्हणतात. मी उतरते तेव्हा तंबूसुद्धा काढून झालेले असतात.” तिने हसायचा प्रयत्न केला. तो काही नीट जमला नाही. “एक अख्खी खोली आहे, चष्मेवाले. तुमच्या बहिणीसारखी कुणीतरी तिथे पाठ टेकेल. पळा... माझ्याकडे वळून बघितलंत तर बघा!”

तो पळाला. पहिल्या वळणावर त्याची मान वळता वळता राहिली, हे तिला स्पष्ट दिसलं. मग जाळ्यांमागे तो दिसेनासा झाला, आणि तिला एकदम दिवसभराचा थकवा जाणवला.

थोडं वर गेल्यावर बाईंनी काठी थांबवली. “हा पोस्टासमोरच्या दुकानातला ना? माझा चष्मा त्याच्याच हातचा. तूही एकदा डोळे तपासून घे ग.”

“माझे डोळे चांगले आहेत, बाई.”

“असतील. तरी जा.”

त्या अर्ध्या डोंगरावर असतानाच खालून भोंगा ऐकू आला. लांब, घोगरा. तिचा जीव खालीवर झाला. पोहोचला असेल की नसेल?

दोघी खाली आल्या तेव्हा मैदानावर दोरखंड गुंडाळणारा एक स्वयंसेवक तेवढा होता. “चष्मेवाला ना? अगदी काठावर आला हो! रेघेपलीकडे पडला, उठेचना. तळव्यांना हे एवढाले फोड. बहीण गाडीत घालून घेऊन गेली.”

पोहोचला! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली होणार होती. जे व्हायला हवं होतं तेच झालं होतं... मग हे पाणी कशाचं, ते तिला कळत होतं आणि कबूल करवत नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस ती शाळेत शिट्ट्या वाजवत राहिली, घरी येऊन गुडघा शेकत राहिली. तो आपल्याला शोधेल, असं तिला वाटे. मग आठवे, आपण त्याला नावसुद्धा सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी आईने गरम पाण्याची पिशवी तिच्या गुडघ्यावर आदळलीच.

“झालंय काय तुला? खिडकीशी बसून कुणाची वाट बघतेस?”

“कुणाची नाही ग.”

“जगाला पोहोचवून येतेस, स्वतः मात्र कुठे पोहोचत नाहीस. अगं, कधीतरी निघ की आपणहून!”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती निघाली. पोस्टासमोर जाऊन तिने रस्त्यापलीकडून दुकानाची पाटी तीनदा वाचली. मग श्वास रोखून आत शिरली. गल्ल्यावर जाडजूड भिंगांचा चष्मा लावलेले मालक बसले होते.

“डोळे तपासायचेत,” ती म्हणाली.

“आत जा. पाय दुखतात त्याचे, पण डोळे तपासतो छान.”

आतली खोली लहानशी, अर्धवट अंधारी. तो तिच्याकडे पाठ करून भिंगांची पेटी लावत होता. पायात मोठ्या मापाच्या सपाता. वळला... आणि हातातलं भिंग टेबलावर टणकन पडलं.

“शेपूट!”

“नंबर वाढलाय म्हणतात माझा,” ती खुर्चीत बसत म्हणाली.

त्याने तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर ठेवली. त्याची बोटं कानाला निसटती लागली, गार. मग समोर बसून तिच्या डोळ्यांत बारीक उजेड टाकून तो पाहत राहिला. इतक्या जवळून तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि या वेळी त्याला धाप लागली होती.

“डोळ्यांना काहीही झालेलं नाही,” तो शेवटी म्हणाला.

“मग मी कशाला आले असेन?”

ती उत्तराची वाट बघणार होती, सवयच होती तिला. पण मग तिने चौकट काढून मांडीवर ठेवली.

“तुम्ही आवडता मला. हे सांगायला आले. शाळेत, घरी, कुठेच लक्ष लागत नाही.”

“मी थांबणार होतो हो...” तो घाईघाईने म्हणाला. “शुद्ध आली ती घरीच. मग ट्रेकच्या कार्यालयात फोन केला, तुमचा नंबर विचारला. देत नाहीत म्हणे! म्हणून मग... पुढच्या ट्रेकला शेपूट म्हणून नाव दिलं. म्हटलं, शेपटं दोन असली तर बरोबर चालता येईल.”

तिने कपाळाला हात लावला.

“काय झालं?”

“आज सकाळीच त्यांना कळवलं मी, आता शेपूट होणार नाही म्हणून. चालणाऱ्यांत नाव घातलंय. तुमच्या शेजारून चालावं म्हणून!”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग त्याला हसू फुटलं, मग तिला. हसता हसता तिने त्याचा हात कधी धरला ते तिलाही कळलं नाही.

“अहो, झालं की नाही?” बाहेरून मालक ओरडले. “इथे गिऱ्हाईक खोळंबलंय!”

“आता काय करायचं?” त्याने हळूच विचारलं. हात तसाच होता.

“करायचं काय! आयुष्यभर पहिली येण्यासाठी धावले,” ती म्हणाली, “आता शेवटची येईन.”