अर्धी राहिलेली वेणी

ही गोष्ट घडलेली आहे. पटली नाही तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. पण धनश्री माझी सख्खी मावसबहीण. उगीच काहीबाही सांगून लोकांना घाबरवणाऱ्यांतली ती नाही.

गेल्या वर्षीचा डिसेंबर, मंगळवार. बीडमधलं एक खाजगी हॉस्पिटल. नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनी तिचं भलंच केलं.

आणि तेव्हा रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते.

धनश्री बीडशेजारच्या पालीजवळ, एका वस्तीवर राहते. घरी मेंढरं. नवरा, अंगद, दिवाळी झाल्यावर कळप घेऊन गोदाकाठाला गेलेला. घरी ठेवलेला एक मेंढा एके सकाळी हिसका मारून रस्त्याकडं सुटला. समोरून ट्रक येत होता. धनश्रीनं दोरी मनगटाला गुंडाळली आणि सगळा जीव लावून मागं ओढली.

मेंढा वाचला.

पण तिच्या कोपरात काहीतरी तुटलं. दंडाचा गोळा सर्रकन खांद्याकडं चढला.

डॉक्टर म्हणाले, "स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी तुटलीय. दोन आठवड्यांत शिवायला पाहिजे. उशीर झाला तर आखडून जाईल. मग या हातात पहिल्यासारखी ताकद येणार नाही."

मेंढरं टाकून अंगदला येता येईना. धावून आल्या त्या दोन मैत्रिणी. एक संस्कृती, शेजारच्या मळ्यातली, पहिलीपासून एका बाकावर बसलेली. दुसरी वस्तीवरची बायनाबाई, वयानं दहा वर्षांनी मोठी. एकीनं फॉर्म भरले, दुसरीनं भाकरी कुस्करून घास भरवले. आंघोळसुद्धा त्यांनीच घातली.

खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला होती. दार फुगलेलं. दोन्ही हातांनी कडी वर उचलून ओढलं तरच ते उघडायचं, आणि उघडताना फरशीवर करकरायचं.

"मला एकटीला हे दार उघडत न्हाई बरं का," धनश्री हसून म्हणाली होती. उजवा हात पट्टीत, गळ्यात अडकवलेला.

नर्स सांगून गेली, "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. दागिने काढून ठेवा. केसांच्या दोन वेण्या घाला, घट्ट."

संस्कृती रक्ताचे रिपोर्ट आणायला निघाली. बायनाबाई खाली चहाला.

"मी आले की घालते वेण्या," संस्कृती म्हणाली. "तू केस सोडून बस."

जाताना तिनं दार ओढून घेतलं.

धनश्री खिडकीकडं तोंड करून पलंगावर बसली. डाव्या हातानं कसेबसे केस सोडले. उद्या भूल दिल्यावर जाग येईल का, हाच विचार डोक्यात होता.

थोड्या वेळानं...

तिच्या पाठीमागं गादी दबली. कुणीतरी येऊन बसलं. केसांतून फणी फिरू लागली.

"आलीस का? लई लवकर आलीस गं," धनश्री म्हणाली.

उत्तर आलं नाही.

फणी फिरत राहिली. सावकाश. मायेनं म्हणावं अशी. धनश्रीला बरं वाटलं. ती मनातलं बोलू लागली. "मला भूल द्यायची लई भीती वाटती गं. अंगदला सांगू नको. तो तिकडं एकटा हाय."



एक वेणी झाली. शेवटाला गाठ बसली, घट्ट. मग दुसऱ्या बाजूचे केस तीन बटांत वाटले गेले.

"हळू गं, ओढतंय."

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

संस्कृतीच्या दोन्ही हातांत डझन डझन काचेच्या बांगड्या. साधा पदर सावरला तरी वाजायच्या.

आत्ता एकही बांगडी वाजत नव्हती.

आणि दार...

दार करकरलंच नव्हतं.

उशाला ठेवलेला फोन वाजला. तिनं डाव्या हातानं उचलला. नाव आलं... संस्कृती.

"धना, हितं लई गर्दी हाय. अजून अर्धा तास लागतोय बघ."

धनश्रीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

मागचे हात थांबले नव्हते.

तिनं उठायचा प्रयत्न केला. केस मुठीत धरलेले होते. हिसका नाही, झटापट नाही. फक्त तिला परत खाली बसवलं गेलं. हट्टी पोरीला आई बसवते, तसं. तिनं मान वळवायला बघितलं. मान वळेना. खिडकीच्या काचेत तरी दिसेल म्हणून तिनं समोर पाहिलं. काचेत ती होती. तिच्या मागं रिकामा पलंग होता. आणि तिचे केस मागं ताणलेले होते.

"धना, बोलत कावून न्हाईस?" फोनमधून संस्कृती म्हणाली. मग जरा थांबली. "तुझ्यापाशी कोण बोलतंय? ती बाई कोण हाय?"

खोलीत तर कसलाच आवाज नव्हता.

"ये," एवढंच धनश्रीच्या तोंडून निघालं. "लवकर ये."

संस्कृती रिपोर्ट टाकून पळत सुटली. जिन्यात बायनाबाई भेटली. दोघींनी खांदा लावून दार ढकललं.

ते करकरत उघडलं, तेव्हा पलंगावर धनश्री एकटीच बसलेली. एक वेणी पूर्ण, टोकाला ड्रेसिंगच्या पट्टीची गाठ. दुसरी अर्धी.

पट्टी कुठून आली, नर्सलाही सांगता आलं नाही. बायनाबाई धनश्रीशी बोलत होती तेवढ्यात संस्कृतीनं मागं बसून दोन्ही वेण्या सोडल्या.

धनश्री म्हणाली, "मला घरी न्या. हात गेला तरी चालंल."

"हात गेल्यावर मेंढरं कोण वळणार बाये?" बायनाबाई म्हणाली. "आमी दोघी हाव न्हवं? तुला एकटी सोडत न्हाई."

खोली बदलून घेतली. रात्रभर त्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंना, भिंतीला पाठ लावून बसल्या. सकाळी ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. आता हात सरळ होतो, घागर उचलतो.

टाके निघाल्यावर एक दिवस मीच संस्कृतीला विचारलं, फोनवर काय ऐकू आलं होतं.



"एक म्हातारी बाई समजूत घालत होती," ती म्हणाली. "झालं गं, झालं... आता एवढी एक झाली की जाऊ आपण."

"आणखी काही?"

"धनाला सांगू नका." तिचा आवाज बारीक झाला. "ती पुरी झालेली वेणी सोडली न्हवं का मी, तिच्यात सगळे केस धनाचे न्हवते. मेंदी लावलेले पांढरे केस होते मधी. लांब. एकेका पेडात विणलेले. मी ते पदरात घेतले आन् बिंदुसरेच्या धरणात सोडून आले."

"आणि अर्ध्या वेणीत?"

"तिच्यात न्हवते. तिच्यात अजून कायबी न्हवतं."

धनश्रीला मी हे सांगितलेलं नाही. ती आता कुणालाच केसांना हात लावू देत नाही. जेवायलासुद्धा भिंतीला पाठ लावून बसते.

येत्या सोमवारी तिची शेवटची तपासणी आहे. डॉक्टर तेच. पण ते आता खाली बसत नाहीत, तिसऱ्या मजल्यावर बसतात.

दोघी मैत्रिणी सोबत जाणार आहेत. मीही जाईन म्हणतो.