चव्वेचाळीस सतराची नोंद

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर साताऱ्याबाहेर, हायवेला लागून असलेल्या हंबीररावांच्या गॅरेजात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली केली, आत गार हवेचं मशीन बसवलं आणि दारावर पाटी लावली, ‘चपला बाहेर काढाव्यात’. ग्रीसनं माखलेले मेकॅनिक काचेला नाक लावून आत बघत. आत खुर्चीवर माया बसलेली असे.

माया वाईच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली. वडील धोंडिराम सडकेच्या गँगमध्ये डांबर ओतून ओतून कमरेत वाकलेले. पुण्याला मावशीकडं राहून तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि ही नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी कुणीतरी तिला ‘मॅडम’ म्हणालं, तेव्हा दुसरंच कुणी आलंय असं वाटून तिनं मागं वळून बघितलं होतं. पुढं तो शब्द तिला आवडायला लागला. जरा जास्तच आवडायला लागला, असं ती नंतर म्हणायची.

काम साधं होतं. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीचं एक निळं कार्ड असे. गाडी कधी आली, किती किलोमीटर झाले, तक्रार काय, काम काय केलं, हे सगळं त्यावर. माया ते कॉम्प्युटरात उतरवायची. हंबीरराव जुन्या गाड्याही विकत. गिऱ्हाईक आलं की प्रिंटर करकरत लांबलचक कागद बाहेर टाकी आणि हंबीरराव तो दोन्ही हातांनी गिऱ्हाइकापुढं धरत. "ही घ्या गाडीची कुंडली. माणूस खोटं बोलंल, मशीन बोलत न्हाई."

लोकांना ते पटे.

जानेवारीत एका करड्या गाडीला गिऱ्हाईक आलं. नंबराचे शेवटचे आकडे चव्वेचाळीस सतरा. आदल्या दिवशी हंबीरराव चपला काढून काचेच्या खोलीत आले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, ही एक ओळ तेवढी काढा."

ओळ मायानंच लिहिलेली होती. ‘ब्रेकचं पेडल मधूनच तळाला जातं. तीनदा खोललं. कारण सापडलं नाही.’

"पण साहेब, ते खरंच..."

"महिनाभर कुठं काय झालंय? आन् कार्ड फाडून टाका. तुमी शिकलेल्या हायसा, तुमाला काय सांगायचं."

मायानं ओळ पुसली. एका बटणाचं काम. कार्ड मात्र तिला फाडवलं नाही. ते तिनं आपल्या पिशवीत तळाशी सरकवलं आणि त्याचा विचार करायचं सोडून दिलं.

गिऱ्हाईक म्हणजे मानसिंग, लष्करातून सुभेदार होऊन आलेले, कोरेगावकडचे ऊसवाले शेतकरी. उंच, पांढऱ्या मिशा, बोलणं हळू. हंबीररावांनी पुढं केलेला कागद त्यांनी घेतला, पण वाचला नाही. ते सरळ काचेच्या खोलीशी आले, बूट काढले, आणि दारातूनच विचारलं, "लेकी, ह्ये तुज्या हातचं हाय न्हवं?"

"हो काका."

"सगळं लिवलंस?"

मायाची नजर कीबोर्डवर होती. "हो," ती म्हणाली.

"मग झालं. घरधनीन आटपाडीची हाय आमची, म्हायेरला एस्टीनं जाऊन जाऊन दमली. आता राणीवानी न्हेतो तिला." ते हसले, बूट घातले आणि गाडी घेऊन गेले.

बाराव्या दिवशी खंबाटकी घाट उतरताना गाडी वळणावरून खाली गेली. मानसिंग शिरवळला मुलाला गाडी दाखवायला निघाले होते. एकटेच होते. गॅरेजात बातमी आली तेव्हा हंबीरराव म्हणाले, "वय झालं हुतं. झोप लागली असंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मायानंही डोलावली.

त्यानंतर आठ दिवसांनी हे सुरू झालं.

दुपारची वेळ होती. वीज गेलेली. बाहेर हातोड्यांचा आवाज थांबला होता, सगळे लिंबाखाली डबे सोडून बसले होते. बॅटरीवर कॉम्प्युटर चालू होता आणि थोड्या थोड्या वेळानं बारीक कण्हत होता. कसलासा वास येत होता. जळका, घशाला झोंबणारा. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांना येतो तसा. खोलीची दारं तर बंद होती...

मायानं दुसऱ्याच एका गाडीची नोंद उघडायला नंबर घातला. पडद्यावर आली चव्वेचाळीस सतरा.

पुसलेली ओळ जागेवर होती. अक्षर न् अक्षर तिचंच. आणि तिच्याखाली नवी ओळ. तारीख आजची. किलोमीटर एकसष्ट हजार दोनशे बावन्न. तक्रार: ‘पेडल तळाला जातं.’

तिनं दोन्ही ओळी पुसल्या. पहिल्यांदा मनात आलं ते भय नव्हतं. कुणी बघितलं तर काय, हे आलं. काचेच्या खोलीत तिनं चारी बाजूंना नजर फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओळ परत आली, तिच्याखाली आणखी एक. एकसष्ट हजार दोनशे चौऱ्याण्णव. तिसऱ्या दिवशी तीनशे छत्तीस. रोज बेचाळीस किलोमीटर वाढत होते. गॅरेजातल्या जुन्या ड्रायव्हरला, अर्जुनाला, तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथनं खंबाटकीचं ते वळण किती लांब असंल हो?"

अर्जुनानं बिडी विझवली. "चाळीस-बेचाळीस. का वं मॅडम?"

ती खोलीकडं परत वळली. रोज दुपारी मानसिंग इथून निघत होते. रोज त्या वळणापर्यंत जात होते.

तिला जेवण जाईना. आई बनाबाई विचारायची, "तब्येत बरी न्हाई का गं?" माया नुसती मान हलवायची. ज्या पोरीच्या कॉम्प्युटरचं कौतुक आई विहिरीवर सांगत सुटायची, तिला आईच्या डोळ्यांत बघवेना. शेवटी एका रविवारी ती एकटीच एस्टीनं घाटापलीकडं गेली. पोलीस चौकीच्या मागच्या आवारात, बाभळीखाली ती गाडी पडलेली होती. पुढचा भाग चेपून आत गेलेला, चाकं नाहीत. चौकीवर नानासो नावाचे हवालदार होते. मायानं सांगितलं, गॅरेजातनं आलेय, नंबर ताडून बघायचाय.

"बघा की," नानासो म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी आवाज खाली केला. "बाई, तुमी गाड्यांतल्या हायसा म्हणून इचारतो... इंजिन फुटल्याली गाडी गरम कशी लागती?"

"म्हणजे?"

"रोज दुपारनंतर. बानेट हाताला सोसत न्हाई. ऊन म्हणावं, तर सावलीत हाय... आमी आता तिकडं जाईत न्हाई."

माया वाकली. फुटक्या काचेतून आत मीटर दिसत होता. काल दुपारी पडद्यावर जो आकडा आला होता, त्याच्यात बेचाळीस मिळवून होतो तोच मीटरवर होता. तिनं पत्र्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. ब्रेकचं पेडल खाली तळाला चिकटलेलं होतं, आणि त्याच्यावरचं रबर ताजं झिजून आतलं लोखंड चकाकत होतं.

ती घरी गेली नाही. तिथूनच कोरेगावकडं गेली, विचारत विचारत मानसिंगांच्या दारात उभी राहिली. त्यांची बायको रंगूबाई ओसरीवर बसली होती. गॅरेजातली मुलगी आली म्हणताच ती उठली, पाणी दिलं, सुनेकडून चहा करवला. चहा चांगल्या कपात आला. तो कप हातात घेऊन बोलणं मायाला जमेना. तिनं तो खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ओळ, बटण, आणि त्यांनी विचारल्यावर आपण म्हटलेलं ‘हो’.

रंगूबाईनं कप उचलून बाजूला ठेवला.

"त्यास्नी कळलं हुतं," ती हळूच म्हणाली. "निगताना म्हनले, पेडल मऊ लागतंय गं, आज ऱ्हाऊ दे. मीच म्हनले, कंपुटरात लिवलंय न्हवं सगळं ठीक म्हणून? मग कशापायी भ्यायचं? पोरगा वाट बघतोय, जावा... मी धाडलं त्यास्नी."

मायाला रडूही येईना. रंगूबाईनं पदर सावरला. "मला सांगून काय उपेग, बाळ? जिथं सांगायचं तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी मायानं पिशवीतलं निळं कार्ड काढून पोलिसांपुढं ठेवलं. जबाबात लिहून दिलं, ओळ मी पुसली, हंबीररावांनी सांगितलं म्हणून पुसली, आणि विचारल्यावर खोटं बोलले ती मी. पोलीस गॅरेजात आले. कॉम्प्युटर उघडला. चव्वेचाळीस सतराच्या नोंदीत काहीच नव्हतं. ना पुसलेली ओळ, ना वाढते किलोमीटर. कोरी, स्वच्छ कुंडली. हंबीरराव म्हणाले, पोरगी नवी हाय, चुकली असंल. पण कार्डावर त्यांच्याच हातची सही होती. केस उभी राहिली आणि तारखा पडायला लागल्या. मायाची खुर्ची त्याच दिवशी गेली. ती चपला घालून बाहेर पडली तेव्हा मेकॅनिक काचेआडून बघत होते. कुणी ‘मॅडम’ म्हटलं नाही.

गावात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. विहिरीवरच्या बायका बनाबाई आली की गप्प होत. धोंडिराम मुलीला एवढंच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस." पण ते म्हणताना त्यांनी तोंड दुसरीकडं केलं होतं.

मायाला वाटलं, आता संपलं. जे होतं ते बोलून झालं.

आठवड्यानं ती वाईहून दुसऱ्या नोकरीची चौकशी करून परत आली, तर आई उंबऱ्यात बसलेली.

"तुला इचारत एक जण आलं हुतं," बनाबाई म्हणाली. "दुपारच्या पारी. उंच हुते. लय शांत मानूस. म्या बसा म्हनलं, तर हितं वट्ट्यावर बसले. पानी दिलं, ते घेतलं न्हाई."

"काय म्हणाले?"

"कायबी न्हाई. नुसतं समोर रस्त्याकडं बघत हुते. आन् उजवा पाय..." बनाबाई थांबली. "उजवा पाय सारखा दाबत हुते बघ जिमिनीवर. दाबायचे, उचलायचे. दाबायचे, उचलायचे. म्हनलं, पाय दुखतोय का दादा? तर माज्याकडं बघितलं... आन् मी जरा आत गेले तवर न्हाईत."

वट्ट्याखाली, शेणानं सारवलेल्या अंगणात, टाचेएवढा खळगा पडला होता.

बनाबाईनं त्यात मुरूम भरला, पाणी मारून चोपला, वरून सारवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी आलेलं दिसलं नाही, पण संध्याकाळी खळगा होता. पुन्हा भरला. पुन्हा पडला. धोंडिरामांनी सडकेची खडी आणून टाकली, धुमसानं ठोकली. सारा जन्म रस्ते दाबण्यात गेलेला माणूस, त्याचा हात चुकायचा नाही. तरी सकाळी ती खडी सारवणाखाली होती आणि संध्याकाळी नव्हती.

एका दुपारी घरात कुणी नसताना माया वट्ट्यावर त्याच जागी जाऊन बसली. रस्ता समोर ऊन पीत पडला होता. तिनं चप्पल काढली आणि उजवा पाय त्या खळग्यात ठेवला.

जमीन मऊ लागली. तिनं जरासा जोर दिला, तशी ती खाली गेली... आणखी खाली... आणि मग तळाशी, तिच्या पावलाखाली, कुणाचं तरी पाऊल होतं. ऊबदार. तेही दाबत होतं.