एकच ठोका

पटवून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं आहे, आणि मावशी मोजमाप घेतल्याशिवाय एक शब्द बोलणारी बाई नाही.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे तीन. जागा, समुद्राकाठची नवीकोरी शाळा.

मावशी इमारती तपासायची. वादळात छत टिकेल की नाही, एवढाच तिचा प्रश्न.

"लोकांना वाटतं, वारा छत दाबतो," ती म्हणायची. "अगं, वारा छत उचलतो. डब्याच्या झाकणासारखं. आणि बोट घालतो ते कोपऱ्यात."

म्हणून नियम होता. छताचा एकेक वासा पोलादी पट्टीने भिंतीला बांधायचा. ती तपासायची रीतही ठरलेली. एक माणूस हातोडी घेऊन वर माळ्यावर, दुसरा खाली काठी घेऊन. पट्टी ठीक असेल तर वरून दोन ठोके. खालच्याने काठीने भिंतीवर दोन ठोके देऊन उत्तर द्यायचं, मग वरचा पुढच्या वाशाकडे सरकायचा.

पट्टी नसेल तर एकच ठोका.

त्याला उत्तर द्यायचं नाही. दुरुस्ती होईपर्यंत वरच्याने तिथेच थांबायचं.

बावीस वर्षं मावशीच्या वर हातोडीदादा असायचा. कचेरीतलं त्याचं हेच नाव. त्या वर्षी उन्हाळ्यात तो तापाने गेला. शाळेचं छत त्यानंतर चढलं.

वादळ दोन दिवसांवर होतं. समुद्राने अबोला धरला होता. झाडाचं पानही हलत नव्हतं. गावातली चारशे माणसं त्या शाळेत आसऱ्याला येणार होती. त्यात माझी आई, आणि तिच्या कडेवर मी.

मावशीची सही झाली की दार उघडणार.

मुकादम फाटकातच उभा. हसू जरा जास्तच रुंद.

"या ताई, या. चहा सांगू?"

"आधी छत."

मावशीने मान वर केली, आणि तिच्या कपाळावर आठी आली. खालून पांढरं सिलिंग ठोकून मोकळे! आता पट्ट्या दिसणार कशा?

"तपासणीआधी झाकलंत?"

"घाई होती हो. पण काम एकदम चोख. डोळे मिटून सही करा."

"डोळे मिटून मी फक्त झोपते. माळ्याची चावी?"

"ती... इथेच होती बघा."

तो चावी शोधायला बाहेर गेला. मावशी रिकाम्या हॉलमध्ये एकटी उभी.

आणि वरून आवाज आला...

टक टक.

मावशीच्या डोक्यात पहिली आली ती शंका. मुकादमाने कोणीतरी वर चढवलाय! आपली रीत माहीत असलेला. आपल्याला गंडवायला.

पण हात सवयीचा गुलाम. काठी आपोआप भिंतीला लागली. टक टक.

वरचा पुढे सरकला...

टक टक.

वाशामागून वासा. मावशी मोजत गेली. दहा... वीस... बत्तीस.

मग थांबला.

समुद्राकडचा कोपरा.

टक.

एकच.

मावशीच्या अंगावर काटा आला. गंडवायला आलेला माणूस स्वतःच्याच मालकाची चोरी कशाला सांगेल?

तिने काठी उचलली नाही.

टक... जरा वेळाने पुन्हा... टक.

मुकादम हात हलवत परत आला. "चावी काही सापडत नाही, ताई."

"वर कोण आहे?"

"वर? कोणी नाही."

"मग इतका वेळ ठोकतंय कोण?"

त्याचं हसू मावळलं. तो विचित्र नजरेने तिच्या हाताकडे बघू लागला.

"ताई... वरून कसला आवाज? तुम्हीच तर मघापासून काठीने भिंत ठोकताय."

मावशीने माळ्याच्या दाराचं कुलूप तोडायला लावलं. माळ्यावर चढायला ती एकच वाट. आत बॅटरी मारली.

कोणी नव्हतं.

फळ्यांवर बांधकामाची बोटभर धूळ. त्या धुळीत एकही पाऊल नव्हतं.

बत्तीस वाशांना पट्ट्या होत्या. कोपऱ्यातल्या शेवटच्या सहांना... नव्हत्या.

मुकादमाने हात जोडले. "पट्ट्या कमी पडल्या हो ताई. म्हटलं, सहांनी काय होतंय."

संध्याकाळच्या आत सहा पट्ट्या बसल्या. मग मावशीने सही केली. वादळ आलं, रात्रभर छताशी झोंबलं, आणि हात हलवत गेलं. चारशेच्या चारशे माणसं सकाळी उन्हात आली.

गोष्ट इथे संपली असती, तर मी सांगितली नसती.

मावशी आता निवृत्त आहे. आमच्याकडेच राहते. परवा दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि दारातच थबकली. नजर छताकडे.

"काय गं मावशी?"

"तुला ऐकू आलं नाही?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"एकच ठोका," ती म्हणाली. "तुझ्या खाटेच्या बरोबर वर."

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. छत उघडलं. मावशी या वयात शिडी चढली, प्रत्येक पट्टी हाताने ओढून पाहिली. सगळ्या जागच्या जागी. एक खिळाही सैल नाही.

"दे ना मग उत्तर," मी म्हटलं. "जाऊ दे त्याला पुढे."

"दुरुस्ती झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नसतं."

"पण दुरुस्त काय करायचं?"

तिने कोपऱ्यातली आपली जुनी काठी जवळ ओढून घेतली.

काल मी खाट ओढून मधल्या खोलीत आणली. आज दुपारी तीनला मावशी काठी कवटाळून माझ्याजवळ बसली होती. मी हळूच विचारलं, "आवाज अजून त्याच खोलीत येतो?"

तिने मान हलवली. नाही.

मधल्या खोलीत येतो.

मावशी आता छताकडे बघत नाही...

माझ्याकडे बघते.