पुढची राखलेली जागा

ही गोष्ट एकोणीसशे बहात्तरच्या फेब्रुवारीतली. घरातल्या थोरल्या सुनेच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानासाठी ती घरबसल्या काजं करायची. तर्जनीला सुईने घट्टा पडला होता. नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. अबोल माणूस, पण त्या वर्षी त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. "एक दिवस गाडी करू, ड्रायव्हरसकट," म्हणाला. "तू म्हणशील तिथे जाऊ."

थोरलीने तीन आठवडे तो दिवस मनात इस्त्री करून ठेवला.

आणि आदल्या दिवशी छापखान्यात तातडीचं काम आलं. सासूबाई म्हणाल्या, "एकटी कशी जाशील? धाकटीला ने. तिलाही तेवढाच विरंगुळा."

झालं! धाकटी जाऊ टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. आवाज असा, की चुकीचा नंबर लागलेला माणूससुद्धा आभार मानून फोन ठेवायचा. घरात येऊन पाच वर्षं झाली नव्हती, तोवर खिडकीची खोली तिची, दुधावरची साय तिची, सासऱ्यांचं हसू तिचं. थोरलीच्या वाट्याला एकच वाक्य यायचं: तू समजूतदार आहेस. आता तिचा दिवसही गेला.

सकाळी आठला गाडी आली. करडी, जुनी, पण लख्ख पुसलेली. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. दोघी मागे बसल्या. थोरली डब्यांची पिशवी पुढच्या सीटवर ठेवायला गेली, तर तो म्हणाला, "तिथे नको, बाई. ती जागा राखलेली आहे." सीटवर पांढरा टॉवेल घडी करून ठेवला होता. पिशवी दिवसभर थोरलीच्या मांडीवर राहिली.

पहिल्यांदा जुना राजवाडा. तीन मजले, रांगेने खिडक्या. ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. आरशातून सकाळभर तो धाकटीलाच न्याहाळत होता, आताही तिलाच म्हणाला, "ताई, वरचा मजला, डावीकडून चौथी खिडकी. काही दिसतं का?"

"अगंबाई!" धाकटी हसली. "एक बाई बसलीय. पिवळी शाल आहे, केस विंचरतेय."

थोरलीने बोटाने मोजून चौथी खिडकी पाहिली. ती लाकडी झडपांनी बंद होती. वरच्या मजल्यावरच्या सगळ्याच बंद होत्या. ड्रायव्हरने मान हलवली. थोरलीला काही विचारलं नाही.

मग तळं. पाणी काचेसारखं. धाकटी एकदम म्हणाली, "अहो जाऊबाई, तीच बाई! पलीकडच्या पायऱ्यांवर."

"आपल्याआधी इथे कशी पोचेल?"

"तिनेही गाडी केली असेल. गाड्या काय फक्त आपल्याच घरासाठी असतात?"

पलीकडे पायऱ्या होत्या, त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब होतं. बाकी काही नाही. थोरलीने डोळे बारीक केले.

"चष्मा लागला तुम्हाला," धाकटी म्हणाली. "काजं करून करून."

ड्रायव्हर हसला. तो धाकटीसाठी हसला. तिचा दिवस, तिची गाडी, तिच्या नवऱ्याने ठरवलेली. आणि त्यातसुद्धा बघण्यासारखं जे असेल ते धाकटीलाच दिसावं?

दुपारी चारला टेकडी. कठड्यापाशी वारा इतका, की पदर सावरता येत नव्हता. शंभरेक पावलांवर एक लोखंडी बाक होता. धाकटीने तिकडे बोट केलं मात्र, थोरली घाईने म्हणाली, "दिसतेय की मला! सकाळपासून दिसतेय."

धाकटीने भुवया उंचावल्या. "हो? मग काय करतेय?"

"हात करतेय," थोरली म्हणाली. "तुला नाही. मला. बोलावतेय मला."

ड्रायव्हरने टोपी काढली. दिवसभरात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"हात करतेय?" त्याचा आवाज अगदी मऊ झाला होता. "नीट बघून सांगा, बाई. अकरा वर्षांत तिने कुणालाच हात केलेला नाही."

थोरलीने बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. तिच्या शब्दासाठी कुणी असं श्वास रोखून थांबलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"नीट बघूनच सांगतेय."

"मग तुम्हीही करा. ओळख दाखवायला हवी."

थोरलीने हात वर केला.

वारा पडला.

धाकटीचं हसू विरलं. तिची नजर बाकावरून निघाली. सावकाश पायवाटेवर आली. वळणावर थोडी थांबली. मग जवळ, आणखी जवळ, आणि गाडीपाशी येऊन थांबली.

थोरलीला फक्त धाकटीचे डोळे सरकताना दिसले.

ड्रायव्हरने पुढचं दार उघडलं. एखाद्या बाईला बसून शाल आवरून घ्यायला लागेल तेवढा वेळ तो थांबला. दार हळूच लावलं.

गाडी त्या बाजूला किंचित खाली गेली.

परतीच्या वाटेवर ओल्या लोकरीचा वास येत होता. धाकटी दाराला चिकटून बसली होती. खरं सांगायचं तर थोरलीला थोडा आनंदच झाला होता. आता आरशात ड्रायव्हरची नजर तिच्यावर होती.

घरापाशी त्याने पुन्हा पुढचं दार उघडलं, थांबला, लावलं. मग सीटवरचा टॉवेल काढून झटकला आणि तिथे स्वतःची टोपी ठेवली. सासूबाईंनी घराचं दार उघडलं. दोघी आत आल्या, तरी त्या दार धरून उभ्याच होत्या, कुणाला तरी वाट दिल्यासारख्या.

त्या ड्रायव्हरने पुढच्याच महिन्यात गाडी विकली आणि फुलझाडांची रोपवाटिका काढली. चांगला गुटगुटीत झाला, म्हणतात. थोरलीच्या नवऱ्याने छापखाना बंद पडेपर्यंत खिळे जुळवले आणि नंतर तो झोपेतच गेला. सासूबाई शेवटपर्यंत जेवताना थोरलीच्या शेजारी एक पाट मोकळा ठेवायला सांगायच्या. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. धाकटी ऑफिसात सुपरवायझर झाली. थोरलीच्या शेजारी मात्र ती पुन्हा कधी बसली नाही.

थोरलीला कधीच काही दिसलं नाही. गच्च भरलेल्या बसमध्येही तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. लोक बसायला यायचे, "माफ करा हं," म्हणायचे आणि उभेच राहायचे. पहिली काही वर्षं तिला त्याचा तोराच होता. मग एका दुपारी, काज करता करता, सुई थांबवून तिने धाकटीला विचारलं, "दिसते तरी कशी गं ती?"

धाकटी म्हणाली, "तुम्हाला दिसली होती ना?"

थोरलीने दोरा तोडला आणि दुसरं काज घेतलं. त्यानंतर हा विषय दोघींत निघाला नाही.

थोरली गेली दोन हजार तीनमध्ये, हॉस्पिटलात. सगळं आटोपल्यावर धाकटी भाड्याच्या गाडीने एकटीच घरी निघाली. ड्रायव्हर नवखा होता, त्याला मागचंपुढचं काही ठाऊक नव्हतं. ती मागे बसल्यावर त्याने पुढचं दार उघडलं, थोडा थांबला, हळूच लावलं. मग वळसा घालून तिच्या पलीकडचं मागचं दार उघडून उभा राहिला.

"आता कुणासाठी थांबलायत?" धाकटीने विचारलं.

"शालवाल्या बाई पुढे बसल्या," तो म्हणाला. "या दुसऱ्या म्हणतात, तुमच्याशेजारीच बसायचंय. जरा सरकता का, आजी?"

धाकटी मांडीवरची पिशवी घट्ट धरून सरकली.